कार्डाबाहेरचं दुखणं

“आता मी कण्हायला लागणार,” हे म्हणाले, आणि चष्मा काढून दिवाणावर आडवे झाले.

आणि लागले की खरंच कण्हायला! मी मधल्या खोलीत शिलाई मशीनवर बसले होते. पडद्याच्या फटीतून बघितलं तर डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर, तोंड वाकडं. चार सिस्टर बायका समोर खुर्च्यांवर हसू दाबून बसलेल्या. मला मात्र हसू आलं नाही. तीस वर्षं ह्या माणसाशी संसार केला, पण माझ्यासमोर हा कधी ‘आई गं’ सुद्धा म्हणाला नव्हता.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्या दिवसांत ज्या त्या सिस्टरला परदेशी नोकरीला जायचं होतं, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा होती. त्या परीक्षेचा एक भाग असा, की कुणीतरी पेशंटचं सोंग घ्यायचं आणि सिस्टरनं त्याच्याशी साध्या इंग्रजीत बोलायचं, धीर द्यायचा, त्याच्याकडून दुखणं काढून घ्यायचं. हे हायस्कुलात इंग्रजी शिकवून नुकतेच रिटायर झाले होते. सगळे ह्यांना हेरवाडकर सर म्हणायचे. संध्याकाळी ड्युटी संपवून सिस्टर आमच्याकडे यायच्या, आणि हे रोज पेशंट व्हायचे. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं करायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर दुखणं लिहायचे. आज गुडघा, उद्या कान, परवा पित्त. पेशंटचं नाव मात्र कायम एकच. मिस्टर हॅरिस, राहणार इंग्लंड, धंदा बस चालवणे.

त्या दिवशी पाटील सिस्टरची पाळी होती. ती स्टुलावर बसली आणि तिनं इंग्रजीत विचारलं, “मिस्टर हॅरिस, व्हॉट आर यू कंप्लेनिंग ऑफ?”

हे ताडकन उठून बसले. “झालं! हॅरिस रागावला. चालला घरी.”

“का पण सर? केसपेपरवर आम्ही रोज तेच लिहितो. पेशंट कंप्लेन्स ऑफ पेन.”

“तिथं बरोबर आहे. दवाखान्यात ‘कंप्लेन’ हे क्रियापद म्हणजे गरीब गाय. पेशंट म्हणतो की दुखतंय, एवढाच अर्थ. पण फाटकाबाहेर पडलं की त्याच गाईला शिंगं फुटतात. घरात, बाजारात, बसमध्ये कंप्लेन करणारा म्हणजे कटकट्या माणूस. तुम्ही आजारी माणसाला विचारलंत, काय रे, कसली कटकट लावलीयस? तर तो काय सांगेल?”

“काही नाही म्हणेल.”

“आणि मुकाट घरी जाऊन मरेल. तेव्हा तसं नाही विचारायचं. व्हॉट इज बॉदरिंग यू? काय त्रास होतोय? एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. तो बोलेपर्यंत. आपण बोलून त्याची जागा भरायची नाही.” मग पडद्याकडे मान वळवून मोठ्यांदा म्हणाले, “बाहेरचं कंप्लेन म्हणजे काय ते बघायचं असेल तर आत जा. आमच्या घरात ते खातं कुमुदिनीबाईंकडे आहे.”

चौघी फिदीफिदी हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायडल असं दाबलं की दोरा तुटला.

खोटं नव्हतं म्हणा. नळाला पाणी नाही, वाणी डाळीत खडे घालतो, पुण्याची सून फोन करत नाही, सगळ्या तक्रारी माझ्याच. पण मी काय हौसेनं करत होते? समोरचा माणूस दगड असला की दुसऱ्यालाच दोघांचं बोलावं लागतं. भाजीत मीठ विसरलं तरी हे ताट चाटूनपुसून उठायचे. एकदा दाढ ठणकत होती, गाल सुजला तेव्हा मला कळलं. विचारलं तर म्हणाले, काही नाही. दुसऱ्या दिवशी तोंडात कापूस घालून घरी आले आणि म्हणाले, “दाढ काढली.” जणू कोथिंबिरीची जुडी आणली! शेजारची उषाताई म्हणायची, “नशीब काढलंस बाई, कशाला नावं ठेवत नाही तुझा नवरा.” नशीब कसलं? ज्याला काही दुखत नाही, त्याला बायकोचा उपयोग तरी काय?

आणि इथं हा मनुष्य परक्या बायकांसमोर रोज कण्हत होता.

चौघींत एक सुवार्ता भंडारे होती. पस्तिशीची, सावळी, उंच, लग्न न केलेली. चर्चमध्ये गाणारी, त्यामुळे आवाज असा की नुसतं ‘येऊ का सर’ म्हणाली तरी ऐकत राहावं. तिची पाळी शेवटी यायची. बाकीच्या निघून गेल्या तरी ती आणि हॅरिस आपले बोलतच. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही. पाटील सिस्टर एकदा जिन्यात चपला घालता घालता म्हणालीच, “काकू, सर सुवार्ताला कार्ड सोडून शिकवतात. आम्हाला कार्डावर गुडघा तर गुडघाच. तिच्याशी मात्र कुठलं कुठलं बोलत बसतात.”

“असं?” मी म्हटलं. आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला कुठल्या सिस्टरकडे औषध नव्हतं.

त्या दिवसापासून मी ऐकायला लागले. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी होतं मला, अगदीच अडाणी नव्हते. त्यात हे शिकवण्यासाठी एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलायचे. ब्लाउजच्या बाह्या जोडता जोडता मी पुटपुटायची, पेन, सिन्स, बॉदर, वर्स. निम्मं कळायचं, निम्मं निसटायचं. ऐकायचं तर मशीन थांबवावं लागायचं. सुवार्ता स्टुलावर बसली की मी पायडलवरचा पाय काढायची आणि ती उठली की पुन्हा खडखडाट सुरू. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही.

एके संध्याकाळी फटीतून बघते, तर सुवार्तानं ह्यांचं मनगट धरलेलं! दोन बोटं नाडीवर, नजर स्वतःच्या छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळात. आणि हे डोळे मिटून पडलेले. कण्हत नव्हते, तोंड वाकडं नव्हतं. अगदी शांत, पोरानं आईच्या मांडीवर पडावं तसे. लग्नात सप्तपदीला धरलेला हात, त्यानंतर ह्यांनी चारचौघांत मला कधी बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. बाई गं, काय झालं मला ते सांगता येत नाही. कात्री घेऊन बाहेर जावं आणि तो पडदा, तो दिवाण, सगळं कापून टाकावं असं वाटलं.

तेवढ्यात हे बोलले. हळू, पण स्वच्छ.

“प्लीज. डोन्ट टेल माय वाइफ.”

हे वाक्य समजायला मॅट्रिकसुद्धा लागत नाही.

मी मशीन सुरू केलं नाही. मागच्या दारानं जिन्यात जाऊन उभी राहिले. सुवार्ता पर्स खांद्याला लावून बाहेर आली, तशी मी तिची वाट अडवली.

“काय सांगायचं नाही मला?”

ती दचकली. “काकू...”

“मला इंग्रजी येत नाही असं समजू नकोस. वाइफ म्हणजे मी. ह्या घरात दुसरी वाइफ नाही. अजून तरी.”

तिचा चेहरा पडला. पण ती रागावली नाही, याचाच मला जास्त राग आला. म्हणाली, “काकू, ते पेशंटचं बोलणं होतं.”

“कुठल्या पेशंटचं? त्या मेल्या हॅरिसचं?”

“पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं आम्ही दुसऱ्याला सांगत नाही. घरच्यांनाही नाही, तो नको म्हणाला असेल तर. पण त्याला समजावतो. मी रोज समजावतेय.” ती दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली. “तुम्ही ऐकता ना पडद्याआडून? ऐका काकू. उद्या नीट ऐका. मी सावकाश बोलेन.”

आता ह्याला काय म्हणायचं? चोर तो चोर, वर मलाच सांगतोय की खिडकी उघडी ठेवा! रात्री जेवायला वाढताना मी ह्यांना म्हटलं, “त्या भंडारे सिस्टरला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा.”

“का?”

“माझी मर्जी.”

“तिची परीक्षा आहे,” हे म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. भांडलेसुद्धा नाहीत. मी मुद्दामच आमटीत मीठ घातलं नव्हतं. सगळी आमटी प्याले.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले, पण सुईत दोराच ओवला नाही. बाकीच्या तिघी आटपून गेल्या. सुवार्ता स्टुलावर बसली. तिनं इंग्रजीत सुरुवात केली, पहिलीच्या पोरांना शिकवतात तशी, एकेक शब्द ठेवत, आणि जरा मोठ्यांदा.

“मिस्टर हॅरिस, व्हॉट इज बॉदरिंग यू?”

मग ती गप्प बसली.

“चेस्ट,” हे म्हणाले. “हेवी. कुणी बसल्यासारखं.” ते इंग्रजीतच म्हणाले, पण मला असं मराठीतच ऐकू आलं.

“आणखी कुठे? लेफ्ट आर्म? जॉ?”

“लेफ्ट आर्म. कधी कधी जबड्यापर्यंत.”

“केव्हा होतं? व्हेन यू वॉक? ऑन द स्टेअर्स?”

“स्टेअर्स.”

“पहिल्यांदा केव्हा झालं, मिस्टर हॅरिस? फर्स्ट टाइम?”

मी मनात म्हटलं, चाललंय यांचं नाटक. बसवाल्याची छाती दुखतेय तर मी काय करू?

तर हे म्हणाले, “ॲट पाडवा. आय वॉज कॅरिंग द सिलिंडर.”

सिलिंडर.

“सिलिंडर?” सुवार्तानं विचारलं. अगदी मोठ्यांदा, पडद्याकडे तोंड करून. “गॅस सिलिंडर? अप द स्टेअर्स?”

“येस.”

इंग्लंडातला बसवाला पाडव्याला गॅसचा सिलिंडर जिन्यावरून वर नेतो होय? पाडव्याच्या सकाळी श्रीखंड करायला घेतलं होतं आणि गॅस संपला. गाडीवाला सिलिंडर खाली ठेवून निघून गेला. मी वरून तोंड सोडलं होतं, सणासुदीचा दिवस, आणा की लवकर वर, की मी येऊ? हे सिलिंडर घेऊन निम्मा जिना चढले आणि मधल्या वळणावर त्याच्यावरच बसले. मी वरून विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, चप्पल तुटली. बराच वेळ बसून होते. मी म्हटलं, सणालाच बरी तुटते तुमची चप्पल! संध्याकाळी तीच चप्पल पायात घालून मंदिरात गेले, तेव्हा मला वाटलं शिवून आणली असेल.

मी पडदा बाजूला केला.

सुवार्ता माझ्याकडे बघून उठली. स्टूल मोकळं करून भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी स्टुलावर बसले. हे उठायला लागले, तर मी छातीवर हात ठेवून त्यांना पुन्हा आडवं केलं. सदऱ्याखाली धडधडत होतं. ते त्यांचं होतं की माझ्या हाताचं, कुणास ठाऊक.

“व्हॉट इज बॉदरिंग यू?” मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याशी इंग्रजीत बोलले.

“नथिंग,” हे म्हणाले. “अगं, ही परीक्षेची तयारी...”

“चप्पल तुटली होती का?”

ह्यांनी छताकडे बघितलं. मी गप्प बसले. विचारायचं आणि गप्प बसायचं, ह्यांनीच शिकवलं होतं की. तोंडात इतके शब्द आले होते, पण सगळे गिळले.

“नव्हती तुटली,” हे म्हणाले. आणि मग मराठीत बोलायला लागले. “कुमुद, जीव घाबरा होतो गं. जिना चढताना थांबावं लागतं. परवा भाजी घेऊन येताना वाटलं, आता काही मी वर पोचत नाही.”

“आणि हे तिला सांगितलंत.” माझा आवाज चिरकला. मरणाची भीती एकीकडे आणि माझा जळफळाट एकीकडे, पण पहिला तोच बाहेर पडला. “मी मेले होते का? तीस वर्षं काय पोळ्या लाटायला ठेवलंय मला? हिला आधी कळलं! हिला!”

“तिला कुठं सांगत होतो?” हे म्हणाले. “मशीन थांबलं की मला कळायचं, तू ऐकतेयस. मशीन थांबल्याशिवाय मी एकदाही बोललो नाही. विचार हिला.”

मी भिंतीकडे बघितलं. सुवार्तानं मान डोलावली.

“मग मराठीत बोलायला काय झालं होतं?”

“तू ऐकतेयस म्हणून सांगता यायचं. आणि तुला कळत नाही म्हणूनही.” ह्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे चाललं होतं. “तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.”

मी ते पाणी पदरानं पुसलं, आणि म्हटलं, “शहाणेच आहात.”

सुवार्ता रिक्षा आणायला खाली धावली. जिना उतरताना तिनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. वळणावर हे थांबले तेव्हा तिचा हात सवयीनं ह्यांच्या मनगटाकडे गेला. मी बघितलं. तिनंही बघितलं की मी बघितलं. मग तिनं माझी दोन बोटं धरून ह्यांच्या अंगठ्याखाली बरोबर जागेवर ठेवली आणि म्हणाली, “इथं, काकू. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं.” दवाखान्यात पोचेपर्यंत मी ती बोटं उचलली नाहीत.

तीन ठिकाणी नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा सिलिंडर उचलला असता तर इथवर आलेच नसते. ऑपरेशन झालं, हे वाचले.

सुवार्ता परीक्षा पास झाली, आयर्लंडला गेली, तिथंच राहिली. जायच्या आधी पाया पडायला आली, तेव्हा मी तिला साडी नेसवली आणि पोटभर रडले. पण एक सांगते, उगाच देवमाणूस व्हायचं नाही मला. ती जिन्यावरून खाली उतरली आणि मला हायसं वाटलं.

ह्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. दिवाण तोच आहे, मशीनला मोटर बसवली. आणि हे असे काही बदललेत की विचारू नका. सकाळी डोळे उघडले की सुरू. उशी टणक आहे, चहा गार आहे, डावा खांदा धरलाय, पंखा कुरकुरतो, आमटीला आज चवच नाही. उषाताई म्हणते, “म्हातारपणी काय हा कटकट्या झालाय गं! कसं सोसतेस?” मी म्हणते, करू दे. माझ्याकडेच करतोय ना.

आता सुवार्ता दर रविवारी फोन करते, चेहरा दिसणारा. केस पिकलेत तिचे, पण आवाज अजून तसाच मेला गोड. मी फोन ह्यांच्यासमोर धरते आणि माझं तोंडही त्यात बसेल अशी चिकटून बसते. गेल्या रविवारी तिनं नेहमीसारखंच हसत विचारलं, “मिस्टर हॅरिस, व्हॉट इज बॉदरिंग यू?”

ह्यांनी तोंड उघडलं. खांदा, उशी, पंखा, सगळं ओठांवर आलेलं मला दिसत होतं. माझा फोनवरचा हात घट्ट झाला. मग ह्यांनी तोंड मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि तिला म्हणाले, “हिला विचार. हिला सगळं ठाऊक आहे.”

मी फोन माझ्याकडे वळवला, नीट बसले, आणि खांद्यापासून सुरुवात केली.